तलफ आणि तिची निमित्ते

११ मे १९३५ हा शनिवारचा दिवस होता. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात, एका हॉटेलच्या दिवाणखान्यात बिल विल्सन नावाचे गृहस्थ अस्वस्थपणे येरझारा घालीत होते. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराशी संबंधित व्यवसायात त्यांनी एके काळी चांगले नाव मिळवले होते. परंतु १९२९ सालची आर्थिक कोसळ आणि स्वतःचे अनावर मद्यपान या दोहोंनी मिळून त्यांचे होते नव्हते ते नेले होते. गेले पाच महिने मात्र त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता. ज्या व्यवहारासाठी ते या परक्या गावी आले होते तो फिसकटला होता. खिशात थोडेच पैसे उरले होते आणि ओळखीचे कोणीही नव्हते. दिवाणखान्याच्या एका बाजूला मद्यगृह होते. तेथून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला दूरध्वनी होता आणि त्याच्याजवळ गावातील चर्चची यादी लावलेली होती.

एक पेला घेतला तर काय बिघडणार आहे, असा विचार विल्सन यांच्या मनात आला आणि त्या विचाराचीच त्यांना भीती वाटली. ते दूरध्वनीकडे वळले. एका धर्मोपदेशकाला त्यांनी विचारले की, आपल्यासारख्याच एखाद्या मद्यासक्त माणसाची गाठ घालून देता येईल काय? एकामागून एक अनेकांशी बोलणे झाल्यावर अखेर डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी त्यांची भेट ठरली. स्मिथ हेही मद्याच्या आहारी गेलेले होते. पंधरा मिनिटांहून अधिक वेळ बसणार नाही, असे बजावून ते दुसऱ्या दिवशी आले आणि काही तास बोलत बसले. या भेटीतून पुढे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली.

तो इतिहास सांगणे हा येथे उद्देश नाही. आपल्याला विचार करावयाचा आहे तो मद्यगृह आणि दूरध्वनी यांच्यामधल्या त्या थोड्या वेळाचा. त्या वेळी विल्सन यांच्या मनात नेमके काय चालले होते? पाच महिने दूर राहिलेली इच्छा त्याच दिवशी का उसळली? आणि ती ओसरली कशी? बिकट काळात चिंता आणि व्यसन यांच्या कचाट्यात सापडलेल्या कोणत्याही माणसाच्या दृष्टीने हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

चिंता आणि तिचा उतारा

चिंता ही मूलतः रोग नव्हे. संकटाची चाहूल लागली की शरीर सावध होते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात आणि झोप उडते. समोर साप असेल तर ही सावधगिरी जीव वाचवते. परंतु नोकरी जाण्याची भीती, न फिटलेले कर्ज, घरातील आजारपण ही संकटे सापासारखी समोर येऊन निघून जात नाहीत. ती दिवसेंदिवस डोक्यावर राहतात आणि शरीरही तितकेच दिवस ताणलेले राहते. अशा वेळी दारूचा पेला, विडी, तंबाखूची चिमूट किंवा झोपेची गोळी यांनी काही मिनिटांत सैल वाटू लागते. हा अनुभव खोटा नसतो आणि म्हणूनच तो फसवा ठरतो.

मद्य मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचे कार्य वाढवते आणि ‘ग्लुटामेट’ या उत्तेजक रसायनाचे कार्य दाबते. रोज मद्य मिळू लागले की मेंदू आपला तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेने जोर लावतो. पेल्याचा अंमल उतरतो, पण हा उलटा जोर शिल्लक राहतो. त्यामुळे पिणाऱ्याला सकाळी आदल्या दिवसापेक्षा अधिक धडधड, अधिक घबराट जाणवते आणि ती शमवण्यासाठी तो पुन्हा पेला जवळ करतो. सावकाराचे व्याज भरण्यासाठी त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढावे, तसा हा प्रकार आहे. तंबाखूचेही याहून फार वेगळे नाही. धूम्रपान करणाऱ्याला सिगारेटने जो दिलासा मिळतो, त्याचा बराचसा भाग निकोटीन कमी पडल्यामुळे आलेली बेचैनी थांबल्याचा असतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारा एक लेख २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता आणि खिन्नता न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाली, असे त्यात आढळून आले. ज्या वस्तूला आपण चिंतेचा उतारा समजतो तीच पुष्कळदा चिंता वाढवीत असते.

निमित्त कसे तयार होते

आता दुसरा प्रश्न. शरीरातून मादक द्रव्य पूर्णपणे निघून गेल्यावरही तलफ का येते?

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलव्ह यांचे कुत्र्यांवरील प्रयोग सर्वपरिचित आहेत. अन्न देण्यापूर्वी दर वेळी एक ठराविक आवाज ऐकवला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागते. व्यसनाच्या बाबतीत असेच काही घडत असावे, असे अब्राहम विक्लर या अमेरिकन डॉक्टरांच्या लक्षात आले. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे अफूजन्य द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांसाठी सरकारी रुग्णालय होते; तेथे ते काम करीत असत. कित्येक महिने द्रव्यापासून दूर असलेले रुग्ण गटात बसून त्याविषयी बोलू लागले की नाक ओढू लागत, डोळे पुसू लागत. ही तर द्रव्य बंद केल्यावर उद्भवणारी लक्षणे होत! काही रुग्ण सांगत की, बरे होऊन गावी परतताना आपली जुनी वस्ती जवळ येताच त्यांना तीच लक्षणे जाणवू लागली. शरीराने द्रव्य सोडले होते, परंतु जागा, माणसे आणि प्रसंग यांच्याशी जडलेला संबंध तुटला नव्हता.

अशा जागा, माणसे, वेळा आणि मनःस्थिती यांना आपण ‘निमित्ते’ म्हणू. एखाद्याला पगाराचा दिवस हे निमित्त असते, एखाद्याला संध्याकाळचे सात वाजणे. कोणाला जेवणानंतरचा रिकामा वेळ, तर कोणाला एका विशिष्ट मित्राचा आवाज. निमित्त समोर आले की तलफ येते. ती बोलावल्याने येत नाही आणि रागावल्याने जातही नाही. म्हणून तलफ आली याचा अर्थ आपण दुबळे आहोत किंवा आपला निश्चय खोटा होता असा घेऊ नये. शिकलेला धडा मेंदू निमित्त मिळताच पुन्हा म्हणून दाखवतो, एवढाच तिचा अर्थ आहे.

निमित्तांचे बळ किती असते, याचा एक विलक्षण पुरावा व्हिएतनाम युद्धातून मिळाला. त्या युद्धात अमेरिकन सैनिकांना हेरॉइन सहज उपलब्ध होत असे. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ च्या सप्टेंबरमध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. जवळजवळ निम्म्या सैनिकांनी व्हिएतनाममध्ये अफू किंवा हेरॉइन घेतले होते आणि सुमारे एक-पंचमांश सैनिक त्यांच्या आहारी गेले होते. हे सर्वजण आयुष्यभराचे व्यसनी होऊन परतणार, अशी धास्ती सरकारला होती. प्रत्यक्षात, तेथे व्यसन जडलेल्यांपैकी केवळ सुमारे पाच टक्के लोक परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाले. मायदेशी हेरॉइन मिळणे तितके सोपे नव्हते, हे याचे एक कारण होय. परंतु युद्धाची भीती, तो कंटाळा, ते सोबती आणि ती छावणी, म्हणजे तेथील सगळी निमित्तेच मागे राहिली होती, हेही तितकेच खरे. उलट लेक्सिंग्टनचे रुग्ण आपल्या सर्व निमित्तांच्या मध्यभागी परत जात आणि त्यांपैकी बहुतेक पुन्हा व्यसनात पडत.

येथे एक अडचण लक्षात येते. जागा बदलता येते, संगत टाळता येते. परंतु चिंता हेच ज्याचे निमित्त आहे, त्याने कोठे जावे? ॲक्रनच्या हॉटेलात विल्सन यांच्यापुढे नेमकी हीच अडचण होती. गाव नवे होते, पण अपयश, एकटेपणा आणि पैशाची विवंचना ही जुनी निमित्ते त्यांच्याबरोबरच प्रवास करीत आली होती.

जेव्हा काळच बिकट असतो

सर्व समाजावर एकाच वेळी संकट येते, तेव्हा ही अडचण घरोघरी उभी राहते. आपल्या देशाने तिचा अनुभव २०२० साली घेतला. कोविडच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली. त्याच वेळी लाखो लोकांचा रोजगार गेला, शेजाऱ्यांचे येणेजाणे थांबले आणि साथीची भीती रात्रंदिवस मनाला ग्रासू लागली. निमित्ते वाढली आणि नेहमीचा उतारा नाहीसा झाला.

एका वर्षापूर्वीच, २०१९ साली, केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. दहा ते पंच्याहत्तर वर्षे वयाच्या लोकसंख्येपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात, असे त्यात नमूद केले होते. मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकालाच काही उपचार मिळाले होते. टाळेबंदी लागू झाली ती या परिस्थितीत. केरळमध्ये पहिल्या काही दिवसांतच दारू न मिळाल्याने झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. तेव्हा राज्य सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आणि २ एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. जुलैच्या अखेरीस आंध्र प्रदेशातील कुरिचेडू या गावी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पिऊन दहाहून अधिक माणसे दगावली.

या घटनांतून एक धडा घ्यावयास हवा. दीर्घकाळ रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते घरच्या घरी, अचानक आणि डॉक्टरांना न विचारता बंद करणे धोक्याचे आहे. सहा ते चोवीस तासांत हात कापणे, घाम, मळमळ व निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हा विकार होतो. त्यात माणसाचे भान हरपते, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, ताप चढतो आणि वेळीच उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. रुग्णालयात काही दिवस योग्य औषधे आणि थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देऊन हा धोका बऱ्याच अंशी टाळता येतो. झोपेच्या किंवा चिंताशामक गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनीही त्या एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्यात. ‘मनात आणले तर आजच सोडीन’ या वाक्यात निर्धार असतो, परंतु शरीर त्या निर्धाराचे ऐकतेच असे नाही.

तलफेशी कसे वागावे

शरीर स्थिरावल्यानंतरचे काम दीर्घ मुदतीचे असते. त्यासाठी पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली गोष्ट, आपली निमित्ते ओळखणे. एक साधी वही घ्यावी आणि महिनाभर प्रत्येक तलफेची नोंद करावी. वेळ कोणती होती, जागा कोणती, सोबत कोण होते, मनात काय होते, पोटात अन्न होते की नव्हते, आदल्या रात्री झोप झाली होती काय, हे सारे लिहावे. पहिल्या आठवड्यात ‘तलफ केव्हाही येते’ असेच वाटते. महिन्याच्या अखेरीस मात्र तीच चार-पाच निमित्ते पुनःपुन्हा आलेली दिसतात. पुष्कळांना असेही आढळते की, भूक, राग, एकटेपणा किंवा थकवा यांपैकी काहीतरी तलफेच्या आधी आलेले असते.

दुसरी गोष्ट, जी निमित्ते टाळता येतात ती टाळणे. घरी जाण्याचा रस्ता बदलावा. पगाराच्या दिवशी पैसे घरातील विश्वासू माणसाच्या हाती द्यावेत. संध्याकाळची ठराविक वेळ दुसऱ्या कामाला बांधून टाकावी. वेळेवर जेवावे. यात भित्रेपणा काहीच नाही. पाय मोडलेला मनुष्य जिना टाळतो, त्यास कोणी भित्रा म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, चिंतेला तिची स्वतःची वेळ देणे. टॉमस बोर्कोव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ही पद्धत तपासून पाहिली. रोज एकाच जागी, एकाच वेळी अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवावा. इतर वेळी काळजी मनात आली की, ‘हिचा विचार त्या वेळी करू’ असे म्हणून हाती असलेल्या कामाकडे वळावे. राखलेल्या वेळी कागदावर दोन रकाने आखावेत. ज्यांवर काही करता येईल त्या गोष्टी एका रकान्यात आणि ज्यांवर काहीच करता येणार नाही त्या दुसऱ्या रकान्यात लिहाव्यात. पहिल्या रकान्यातील निदान एक लहानसे काम दुसऱ्या दिवशी करावे. कर्ज एका दिवसात फिटणार नाही, परंतु बँकेत जाऊन मुदतीची चौकशी करता येईल.

चौथी गोष्ट, तलफ आलीच तर ती ओसरू देणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट तिला समुद्राच्या लाटेची उपमा देत. लाट चढते, माथ्यावर येते आणि मग खाली जाते. तलफ सतत वाढतच राहील आणि शेवटी आपल्याला गाडून टाकील अशी भीती वाटते. परंतु बहुतेक तलफा काही मिनिटांत ते अर्ध्या तासात ओसरतात. त्या वेळी तलफेशी वाद घालू नये. ती शरीरात कोठे जाणवते याकडे लक्ष द्यावे. घसा कोरडा पडतो काय, छाती भरून येते काय, हात अस्वस्थ होतात काय, हे पाहावे. श्वास संथपणे, लांबवून सोडावा. तांब्याभर पाणी प्यावे, जागा सोडावी, चालू लागावे. निमित्त समोर आले आणि तरीही पेला आला नाही, असे जितक्या वेळा घडेल तितका तो जुना संबंध सैल होत जातो.

पाचवी गोष्ट विल्सन यांनी केली तीच, म्हणजे दुसऱ्या माणसाला हाक मारणे. ज्यांना केव्हाही दूरध्वनी करता येईल अशा तिघांची नावे लिहून खिशात ठेवावीत आणि त्यांना तशी पूर्वकल्पना द्यावी. मन शांत असतानाच ही तयारी करून ठेवावी, कारण तलफेच्या भरात नवा मार्ग सुचत नाही. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभा आपल्या देशातही अनेक शहरांत भरतात. १९८० साली मद्रासमध्ये, आजच्या चेन्नईत, शांती रंगनाथन यांनी पतीच्या मद्यासक्तीने झालेल्या मृत्यूनंतर उपचारकेंद्र उभारले. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. २०२२ च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर क्षणभरही न थांबता अशी मदत घ्यावी आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

घसरण झाली तर

मार्लाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसन पुन्हा सुरू होण्याच्या प्रसंगांची छाननी केली. जवळजवळ तीन-चतुर्थांश प्रसंग मनाची खिन्न किंवा चिंतित अवस्था, कोणाशी झालेले भांडण आणि संगतीचा आग्रह या तीनच वर्गांत मोडतात, असे त्यांना दिसले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एका पेल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान त्यानंतर येणाऱ्या ‘आता सर्व संपले’ या विचाराने होते. शरमेने खचलेला मनुष्य ती शरम विसरण्यासाठी दुसरा पेला घेतो.

डॉ. स्मिथ यांचेच उदाहरण पाहावे. विल्सन यांच्या भेटीनंतर काही आठवड्यांनी ते वैद्यकीय परिषदेसाठी परगावी गेले आणि तेथे पुन्हा प्याले. परत आल्यावर त्यांना कोणी हाकलून दिले नाही. विल्सन यांनी आणि घरच्यांनी त्यांची शुश्रूषा केली. १० जून १९३५ रोजी त्यांनी अखेरचा पेला घेतला आणि १९५० साली मृत्यू येईपर्यंत ते मद्यमुक्त राहिले. ती घसरण शेवटची मानली गेली असती, तर पुढची पंधरा वर्षे त्यांना लाभली नसती.

घरच्या माणसांनी हे विशेष लक्षात ठेवावे. नशेत असलेल्या माणसाशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही. शपथा घेववून किंवा चारचौघांत लाज काढून निमित्ते कमी होत नाहीत, उलट त्यांत एकाची भर पडते. त्याची देणी गुपचूप फेडणे आणि त्याच्या वतीने खोटे बोलणे यानेही त्याचे हित होत नाही. तो शुद्धीवर असताना मोजक्या शब्दांत बोलावे आणि उपचाराला सोबत जावे. घरच्यांनाही चिंता असतेच. त्यांनीही ती कोणाजवळ तरी बोलून दाखवावी. मारहाण होत असेल, तर प्रथम स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी.

बिकट काळ कोणालाही चुकलेला नाही आणि तो केव्हा संपेल हे बहुधा आपल्या हाती नसते. तलफ येऊ नये हेही सर्वस्वी आपल्या हाती नसते. आपल्या हाती असतात ती तलफ आल्यानंतरची थोडी मिनिटे. त्या मिनिटांत कोठे जावयाचे आणि कोणाला हाक मारावयाची, हे वाचकाने आजच ठरवून लिहून ठेवावे.